जुना पिकअप ट्रक ‘डी’त टाकल्यावर उशिरा उचलतो? गिअरबॉक्स उघडण्याआधी हे बघा

गिअरचा लिव्हर ‘डी’त (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायचा गिअर) टाकला, दोन-तीन सेकंद गाडी ढिम्म, मग एकदम हिसका. अमेरिकेत जुनी शेव्रोले सिल्व्हराडो स्वस्तात घेणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक असेल. १९९९ नंतरच्या बऱ्याच जुन्या सिल्व्हराडोंमध्ये ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. इथली कृती त्याचीच. गॅरेजवाला ऐकता क्षणी ‘रीबिल्ड’ म्हणेल, म्हणजे गिअरबॉक्स उघडून नव्याने बांधणं. पण गिअरबॉक्सचं ऑईल कमी असलं किंवा त्यातला ऑईलचा पंप हवा ओढत असला, तरी गाडी अशीच वागते.

आधी नुसतं निरीक्षण करा. ‘डी’ आणि ‘आर’ (रिव्हर्स) दोन्ही उशिरा लागत असतील तर संशय ऑईल, फिल्टर, पंप यांच्यावर. एकच उशिरा लागत असेल तर बहुधा त्या गिअरच्या आतल्या क्लचच्या पिस्टनची सीलं कडक झालेली असतात आणि पुढे सांगितलेली मेहनत फारशी कामी येणार नाही.

मग ऑईल. गाडी फिरवून गरम करा, सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवा, ‘पी’त (पार्क) आणा आणि इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) बघा. इंजिन बंद करून बघितलेली पातळी खोटी. पातळी कमी निघाली तर गळती शोधा, कारण हे ऑईल जळून संपत नाही. रेडिएटरकडे जाणाऱ्या नळ्या आणि पॅनचं (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑईलचं भांडं) गॅस्केट आधी तपासा. ऑईल गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधून कूलंट मिसळलंय. मग गाडी चालवूच नका.

पातळी बरोबर असेल तर फिल्टर बदला. नवा फिल्टर घेताना पॅन उथळ आहे की खोल, ते बघून घ्या. गाडी थोडी निवू द्या, चाकांना अडण लावा, स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. पॅनचे १६ बोल्ट आहेत. एका बाजूचे ढिले केलेत की ऑईल तिकडून उतरतं.

फिल्टर नुसता खाली ओढला की निघतो, पण त्याच्या नळीभोवतीचं सील पुष्कळदा वर पंपातच अडकून राहतं. टॉर्च लावून बघा, बोट फिरवा. जुन्यावर नवं बसवलं किंवा सील वाकडं बसलं, तर पंप ऑईलबरोबर हवा ओढतो आणि नव्या फिल्टरनेही गाडी तशीच अडखळते. सील काढताना स्क्रूड्रायव्हरने भोकाची भिंत खरवडू नका. नवं सील ऑईल लावून सरळ ठोका.

पॅनच्या चुंबकावर राखाडी चिखल असणारच. पितळी कण किंवा काळे पापुद्रे मात्र वाईट.

बोल्ट फक्त ११ न्यूटन-मीटर. जोर लावलात तर पॅन वाकतो आणि पुन्हा गळतो. डेक्सरॉन-६ ऑईल चालतं; पॅन उतरवल्यावर साधारण पावणेपाच लिटर लागतं, पण आधी चारच ओता, सुरू करा, गिअर फिरवा, गरम झाल्यावर पातळी बघत वाढवा. जास्त भरलं तर फेस होतो. सील मऊ करायला ऑईलमध्ये ओतायच्या बाटल्यांवर माझा फारसा भरवसा नाही.

तरीही उशीर होत असेल तर गॅरेजमध्ये प्रेशर गेज लावून ऑईलचा दाब मोजून घ्या. तो मोजल्याशिवाय रीबिल्डला होकार देऊ नका. आणि तोवर गिअर लागायची वाट बघताना रेस देऊ नका. फिरत्या इंजिनावर क्लच एकदम पकडला की उरलासुरला क्लचही जळतो.