डॅन्यूबकाठी निखळलेली कॅप

जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं सायकलवर. लातूरहून आम्ही चौघं गेलो होतो. वाटेतल्या मेल्क गावाच्या अलीकडं घरून नेलेली गुळाची चिक्की तोंडात टाकली अन् कट्‌कन आवाज. खडा असेल म्हणून थुंकलो, तर तळहातावर दाढेची कॅप! रूट कॅनल झालेली दाढ, त्यामुळं ठणका नव्हता. पण जीभ सारखी तिथंच जायची आणि कड टोचायची.

मित्र म्हणाला, "अण्णा, फेव्हिक्विक लावू का?" चुकूनही लावू नका. कॅप धुतली, गोळ्यांच्या डबीत ठेवली. त्यात रविवार. पण तिकडं सुट्टीच्या दिवशी दंतवैद्यांच्या पाळ्या लावलेल्या असतात. लॉजवाल्या बाईंनी त्या दिवशीचा दवाखाना शोधून दिला.

डॉक्टरीणबाईंनी कॅप तडकली नाही ना ते पाहिलं, आतलं जुनं सिमेंट खरवडलं, तात्पुरत्या सिमेंटनं बसवली. तोंडात एकदम लवंगेचा वास! त्यात लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं. म्हणजे आजीचाच उपाय, फक्त युरो मोजून.

पैशाचं म्हणाल तर शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो. माझ्या पॉलिसीत दातांसाठी मर्यादा वेगळी अन् बरीच कमी होती. दवाखान्यात जाण्याआधीच विमा कंपनीला फोन केला, पावतीवर दाढेचा नंबर, ४६ (दंतवैद्यांच्या भाषेत खालची उजवी पहिली मोठी दाढ), लिहून घेतला. क्लेम मिळाला.

पुढं व्हिएन्नापर्यंत डाव्या बाजूनंच चावलं. पक्की कॅप लातूरला येऊन बसवली. उरलेली चिक्की मित्रानं संपवली.