थ्रेशोल्डच्या आधी लाइट बघा
मकरपुरा जीआयडीसीत पार्ट तपासणारे कॅमेरे लावणाऱ्या आपल्या बडोद्याच्या पोरांना एकच सांगतो, थ्रेशोल्डला, म्हणजे ज्या आकड्यावर इमेजमधलं काळं-पांढरं वेगळं होतं त्याला, हात लावायच्या आधी ऑटो एक्स्पोजर आणि ऑटो गेन (कॅमेरा स्वतःच इमेज उजळ-गडद करतो त्या सेटिंग) बंद करा, नाहीतर सकाळी जमवलेला आकडा दुपारी शेडमध्ये ऊन आलं की गेलाच. मग हिस्टोग्राम उघडा, म्हणजे कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख. ८ बिट इमेजमध्ये ० म्हणजे काळं, २५५ पांढरं, पार्ट आणि बॅकग्राउंडचे दोन डोंगर दिसतील, मधल्या दरीत थ्रेशोल्ड ठेवा. डोंगर एकमेकांत मिसळलेत? आकडा फिरवत बसू नका, लाइटचा अँगल बदला, नुसती आउटलाइन हवी असेल तर बॅकलाइटच लावा, म्हणजे पार्टच्या मागून उजेड. उजेड एका बाजूला कमी पडत असेल तर अ‍ॅडॅप्टिव्ह थ्रेशोल्ड वापरा, तो इमेजच्या प्रत्येक भागाला वेगळा आकडा धरतो. आणि खराब पीसवरही चालवून बघा प्लीज, तेच नेमकं राहून जातं.