जिप्समच्या आधी पाण्याला वाट

शिरोळ तालुक्यातलं आमचं सव्वा एकर खालच्या अंगाचं रान बांधाच्या कडेनं पांढरं पडायला लागलं, तेव्हा मामंजी म्हणाले, "मीठ फुटलंय, पाणी दाबून सोडा." उसाला पाणी तर आम्ही वर्षानुवर्षं दाबूनच सोडत होतो, सरी तुडुंब भरेस्तोवर. काळ्या चिकण मातीत ते मुरलं, पण बाहेर पडायला जागा नाही. मग ते वर चढतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार तेवढे मागं राहतात.

दुकानदाराच्या सांगण्यावरून मी वीस पोती जिप्सम, म्हणजे जमीन सुधारायला वापरतात ते खनिज, टाकलं. पैसे पाण्यात, तेही तुंबलेल्या.

तुम्ही आधी रान ओळखा. काचेच्या बाटलीत पावसाचं पाणी घ्या, सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा आणि रात्रभर हलवू नका. पाणी दुधासारखं गढूळ झालं तर जमीन चोपण, म्हणजे सोडियम वाढून बिघडलेली, असल्याचा संशय घ्या. निवळ राहिलं तर बहुधा नुसती क्षारयुक्त. खात्री माती परीक्षणानंच होते. सामू (pH) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल, तर जिप्सम लागतं, तेही अहवालात सांगितलं तेवढंच. सामू त्याच्या आत, पण विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल, तर गोड्या पाण्यानं क्षार धुऊन काढायचे. आमचं रान या दुसऱ्या जातीचं निघालं! वीस पोत्यांची गरजच नव्हती.

पण धुतलेलं पाणी जाणार कुठं? खरं काम इथं आहे. साडेतीन-चार फूट खोल चरात गाळणीचं कापड गुंडाळलेले सच्छिद्र पाईप टाकायचे, 100 फुटाला अडीच-तीन इंच ढाळ द्यायचा. दोन ओळींतलं अंतर मातीवर ठरतं, ते जाणकाराकडून मोजून घ्या. पाईपचं तोंड ओढ्यातल्या पाण्याच्या वर ठेवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी उलटं आत येतं. तोंडाला जाळी लावा, उंदीर घरं करतात.

ओढा आमच्यापासून दोन रानं पलीकडं. भाऊबंदांपैकी एकानं ऊस उभा असताना चर मारू दिला नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ऊस कारखान्याला जाईपर्यंत थांबलो.

मग चर मारून पाईप टाकले आणि बांध उंच करून पावसाचं पाणी रानातच जिरवलं. पुढच्या मृगात धैंचा हे हिरवळीचं खत पेरलं, एकरी 20 किलो बी. फुलावर येताच, 45-50 दिवसांत, ते गाडलं. रब्बीला गहू घेतला, कारण हरभरा असल्या रानात तग धरत नाही. आता ऊस आहे, पण ठिबकवर. खोडव्याचं पाचट पेटवत नाही. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून सरीतच कुजवते.

अधूनमधून पाईपच्या तोंडाचं पाणी परातीत घेऊन उन्हात ठेवते. आटलं की तळाला पांढरा थर दिसतो. गेल्या उन्हाळ्यात तो अजून नखानं खरवडण्याइतका होता.