शेल्टरला मदत करायची असेल तर आधी फोन करा

वाढदिवसाला गाडीभर बिस्किटं घेऊन प्राण्यांच्या शेल्टरच्या दारात येणारे खूप असतात. त्यांचं मन चांगलंच असतं. पण गोड बिस्किटांनी कुत्र्यांची पोटं बिघडतात, आणि नेमके त्याच दिवशी तिथले हातमोजे किंवा तांदूळ संपलेले असतात. म्हणून घरून निघण्याआधी फोन करून विचारा, "या आठवड्यात काय कमी पडतंय?"

सगळ्यात लवकर संपतो तो शिधा. साधारण १५ किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला १५० ग्रॅम कोरडा तांदूळ आणि जवळजवळ तेवढंच चिकन लागतं. शंभर कुत्री असली की २५ किलोचं पोतं दोन दिवसही पुरत नाही. शेल्टरचा नेहमीचा किराणावाला आणि चिकनवाला कोण, ते विचारा आणि त्यांच्याकडे परस्पर पैसे भरा; माल वेळेवर पोचतो आणि साठवायचा प्रश्न येत नाही. लग्नाचं उरलेलं जेवण मात्र नेऊ नका. त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी नष्ट करतो. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार तुटून आतड्यात रुततात. पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात.

कपड्यांत जुन्या सुती चादरी, टॉवेल, गोणपाट आणि वर्तमानपत्रांची रद्दी हवी. गाद्या आणि उशा नकोत. कुत्री त्या फाडून कापूस गिळतात, आणि पावसाळ्यात ओली गादी वाळता वाळत नाही. बटणं आणि चेन घरीच काढून टाका.

औषधांच्या बाबतीत शेल्टरच्या डॉक्टरांकडून यादी घ्या. बहुतेक यादीत रिंगर लॅक्टेट आणि नॉर्मल सलाइन (शिरेतून द्यायचे द्रव), आयव्ही सेट (सलाइनची नळी), २२ आणि २४ गेजचे कॅन्युला (शिरेत घालायची बारीक नळी), चार इंची बँडेज, पोव्हिडोन आयोडीन (जखमेचं जंतुनाशक), आणि कंबरेखाली लुळ्या पडलेल्या कुत्र्यांसाठी मोठ्या माणसांचे डायपर असतात. घरात उरलेल्या गोळ्या नुसत्याच पिशवीत भरून देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांनाही झेपत नाहीत.

पैसे देताना संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का आणि तिचं ऑडिट होतं का, हे विचारायला लाजू नका. चांगली संस्था हे कागद आनंदाने दाखवते. देणगीवरची आयकर सवलत (जी ८०जी म्हणून ओळखली जाते) २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर मिळत नाही आणि वस्तूंवर तर अजिबात नाही. म्हणून यूपीआय किंवा चेक वापरा, पॅन द्या, पावती घ्या. परदेशातल्या मराठी माणसांनी एक फरक ध्यानात ठेवावा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवले, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी मात्र एफसीआरए (विदेशी देणगीचा कायदा) नोंदणी असलेल्या संस्थेलाच चालते, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरीही. आमच्या मते एकदाच दिलेल्या सहा हजारांपेक्षा दर महिन्याचे ५०० रुपये जास्त कामाचे. पगार आणि औषधांचं बिल दर महिन्यालाच येतं.

वेळ द्यायचा असेल तर आधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. ती ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी, अशी तीन डोसची असते (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). नंतर कुत्रं चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा; हळद, चुना, तिखट काही लावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आधीची लस पूर्ण झालेली असेल तर बहुधा ० आणि ३ऱ्या दिवशीचे दोनच डोस पुरतात.

सुरुवातीला तुमच्या हाती खराटा येईल. ते काम कमी लेखू नका, पिल्लं त्याच्यावरच जगतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने तग धरतो आणि साध्या फिनेलने मरत नाही. आधी विष्ठा कागदाने उचला, मग साबणाच्या पाण्याने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतरच ब्लीच. ब्लीच म्हणजे ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर १० लिटरच्या बादलीत सुमारे ३३० मिली घाला, फरशी १० मिनिटं ओली राहू द्या आणि पुन्हा धुवा. घाण तशीच असेल तर ब्लीच तिच्यातच खर्ची पडतं. लघवीवर थेट ओतलं किंवा अॅसिडमध्ये मिसळलं तर विषारी वायू निघतो. द्रावण रोज ताजं करा, कालच्यात जोर नसतो. मांजरांच्या खोलीत फिनेल वापरूच नका; पायाला लागतं, ती चाटतात आणि विषबाधा होते.

साफसफाईत वॉर्डांचा क्रमही ठरलेला असतो. आधी निरोगी पिल्लं, मग मोठी कुत्री आणि सगळ्यात शेवटी आजारी. उलट फिरलात तर तुमच्या चपलांबरोबर आजार पिल्लांपर्यंत जातो. वॉर्ड बदलताना हातमोजे बदला, गमबूट ब्लीचच्या ट्रेमध्ये बुडवा. घरी लस न घेतलेलं पिल्लू असेल तर आजारी वॉर्डात जाऊच नका.

घाबरलेलं कुत्रं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून, कान मागे पाडून, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत बसतं. त्याला ओढून बाहेर काढू नका. दाराशी कडेने बसा, नजर खाली ठेवा, चिकनचा तुकडा जमिनीवर सरकवा. पहिल्या तीन-चार भेटींत ते फक्त तुकडा खाईल आणि तुम्ही उठून याल. माणूस तोच आणि वेळ तीच असेल तर ते लवकर सावरतं. म्हणून दर रविवारचे दोन तास, तेही ठरल्या वेळी. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, कारण तुमच्या वाट्याचे पिंजरे दुसऱ्या कुणालातरी धुवावे लागतात.

दिवाळीत स्वयंसेवक गावी जातात आणि नेमका तेव्हाच फटाक्यांचा आवाज वाढतो. शक्य असेल तर लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी चारला पोचा. जेवण लवकर उरका, पिंजऱ्यांवर जाड चादरी टाका, पंखे सुरू ठेवा. अंधार पडण्याआधी दोन्ही गेटच्या कड्या हाताने ओढून बघा.