मॉड्यूलर सिंथ वाजत नाही? आधी या चुका तपासा

लाल म्हणजे प्लस, असं समजून मी माझं पहिलं मॉड्यूल जाळलं. मॉड्यूल म्हणजे मॉड्यूलर सिंथचा एक सुटा भाग; असे भाग एका केसमध्ये बसवून आणि केबलींनी जोडून हे इलेक्ट्रॉनिक वाद्य बनतं. रेडिओच्या सेलपासून इन्व्हर्टरच्या बॅटरीपर्यंत लाल वायर प्लसची, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं. युरोरॅक या मॉड्यूलर पद्धतीत मॉड्यूलला वीज देणाऱ्या चपट्या रिबन केबलची लाल कड मात्र उणे १२ व्होल्टची असते. केसचं बटण दाबलं आणि दोन सेकंदांत तो वास आला. ज्याने तो एकदा घेतलाय त्याला वेगळं सांगायला नको. मॉड्यूल उलटून पाहिलं तर एका काळ्या चिपवर टाचणीच्या डोक्याएवढा फोड आला होता.

त्यानंतरच्या काही वर्षांत माझ्याकडे आणि मित्रांकडे ‘बिघडलेली’ बरीच मॉड्यूलं पाहिली. खरोखर बिघडलेली त्यातली थोडीच. बाकी सगळीकडे व्होल्टेज जिथे पोहोचायला हवं होतं तिथे पोहोचत नव्हतं, नाहीतर नको तिथे जात होतं. आपण मात्र लगेच नवं मॉड्यूल शोधायला बसतो. त्याआधी पुण्याच्या टापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक साधा मल्टिमीटर आणा. त्याने जेवढे प्रश्न सुटतात तेवढे कुठल्याही मॉड्यूलने सुटलेले मी पाहिले नाहीत.

रिबन केबल: इथे घाई नको

डीटर डोप्फर यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात ए-१०० ही मालिका आणली आणि तिचीच मापं पुढे युरोरॅक म्हणून रूढ झाली. तिच्या १६ पिनांच्या जोडणीत दोन-दोन पिनांच्या आठ ओळी असतात. लाल कडेकडून मोजा: उणे १२, मग ग्राउंडच्या तीन ओळी, मग अधिक १२, ५ व्होल्ट, सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज) आणि शेवटी गेट (सूर चालू-बंद करणारा सिग्नल). १० पिनांच्या जोडणीत यातल्या पहिल्या पाचच ओळी येतात.

१० पिनांची केबल उलटी बसली तर अधिक-उणेची अदलाबदल होते. बोर्डावर संरक्षक डायोड असेल तर मॉड्यूल बहुधा वाचतं. दोन्ही टोकांना १६ पिना असलेली केबल उलटी बसली तर मात्र त्रास शेजाऱ्यांनाही होतो. मॉड्यूलच्या ग्राउंडच्या तिन्ही ओळी आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या आता बसबोर्डच्या (केसमध्ये वीज वाटणाऱ्या पट्टीच्या) १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि सीव्ही या ओळींवर येऊन बसतात. म्हणजे ५ व्होल्टच्या लायनीत सरळ १२ व्होल्ट शिरतात आणि त्या लायनीवर चालणारं, ज्याला तुम्ही हातही लावला नव्हता असं एखादं डिजिटल मॉड्यूल जातं.

खाचेचा सॉकेट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. केबल बनवणाऱ्यानेच एक टोक उलटं दाबलेलं असेल तर खाच काय करणार? मी प्रत्येक नवी केबल आधी हातात धरून तपासतो: मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, एक टोचणी या टोकाच्या प्लगवरच्या त्रिकोणी खुणेजवळच्या भोकात, दुसरी त्या टोकाच्या त्रिकोणी खुणेजवळच्या भोकात. बीप आली की केबल पास. मॉड्यूलच्या बोर्डावर ‘-१२’ कुठे छापलंय ते टॉर्च मारून बघायचं. आणि केस बंद म्हणजे भिंतीवरचा स्विच बंद. समोरचा दिवा विझला एवढ्यावर विसंबायचं नाही.

दुसरी गोष्ट विजेच्या हिशोबाची. प्रत्येक मॉड्यूल अधिक १२ वर किती मिलिअँपिअर खातं आणि उणे १२ वर किती, हे त्याच्या माहितीत दिलेलं असतं. दोन्ही बेरजा वेगवेगळ्या करा, आणि पुरवठ्याच्या क्षमतेतला निदान पाव भाग मोकळा ठेवा, कारण चालू होण्याच्या क्षणी मॉड्यूलं नेहमीपेक्षा जास्त ओढतात. एखादं डिजिटल मॉड्यूल मध्येच स्वतःहून पुन्हा सुरू होत असेल, किंवा सीक्वेन्सरचे (सूर ओळीने वाजवून घेणाऱ्या मॉड्यूलचे) दिवे लागले की व्हीसीओचा (सूर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलचा) सूर हलत असेल, तर मॉड्यूलला शिव्या देण्याआधी ही बेरीज बघा.

आवाजच येत नाही

नव्या माणसाचा सर्वांत मोठा घोळ व्हीसीए, म्हणजे व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारं मॉड्यूल. की-बोर्डवाल्या सिंथमध्ये पट्टी दाबली की आवाज येतो, कारण एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार ठरवणारं मॉड्यूल) ते व्हीसीए ही जोडणी कारखान्यातच झालेली असते. इथे ती तुम्ही करायची. व्हीसीएला कंट्रोल व्होल्टेज मिळालं नाही तर तो बंद दारासारखा उभा राहतो. एन्व्हलपला गेट मिळत नसेल तर तो हलतच नाही. गेटच्या जागी नुसता ट्रिगर (क्षणभराचा ठोका) दिला आणि अटॅक (आवाज चढायचा वेळ) लांब ठेवला, तर काही एन्व्हलप अर्ध्यावरूनच खाली येतात आणि नुसती हलकी टिकटिक ऐकू येते.

अशा वेळी सगळा पॅच, म्हणजे केबलींची जोडणी, उपसू नका. व्हीसीओ थेट मिक्सरला जोडा. वाजला? मग मध्ये फिल्टर घाला आणि कटऑफ पूर्ण उघडा. वाजतोय? मग व्हीसीए घाला आणि त्याचा बायस किंवा गेन हाताने वर करा. जिथे आवाज थांबला तिथे दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हे सांगायला सोपं आहे, पण रात्री साडेअकराला घरचे झोपलेले असताना आपण हमखास तीन नॉब एकदम फिरवतो आणि मग आवाज कशामुळे परत आला तेच कळत नाही.

दोन आउटपुट एकाच पॅसिव्ह मल्टमध्ये खुपसून मिक्स करायला जाऊ नका. मल्ट एकाचे अनेक करण्यासाठी असतो. दोन आउटपुट समोरासमोर आले की एकमेकांना ओढतात आणि दोघांचाही सिग्नल विद्रूप होतो.

सूर सरकतो

माझी सर्वांत जास्त डोकेफोड इथे झाली. तानपुऱ्याचं ॲप लावलं, केस चालू केली, लगेच व्हीसीओ सा ला जुळवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. दहा मिनिटांत तो सा बेसूर. व्हीसीओमधल्या एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टरचं काम ट्रान्झिस्टरच्या तापमानावर अवलंबून असतं. भरपाईसाठी तिथे तापमानानुसार बदलणारा रेझिस्टर बसवतात, पण केसच्या आतली हवा तापून स्थिर होईपर्यंत सूर हलणारच. म्हणून आधी चालू करायचं, मग चहा टाकायचा. वीस मिनिटं ते अर्धा तास जाऊ द्या, मगच सुराला हात लावा. डोक्यावर पंखा किंवा एसीचा झोत असेल तर केसची जागा बदला. १९८२ मध्ये मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन राग वाजवले. त्यातल्या ज्युपिटर-८ला स्वतःच सूर जुळवून घेणारं बटण तरी होतं. युरोरॅकच्या बहुतेक व्हीसीओंना ते सुख नाही.

आता जरा आकडे बघू. सूर व्होल्टेजने ठरतो: दर सप्तकाला १ व्होल्ट, म्हणजे पेटीवरच्या एका पट्टीपासून काळी-पांढरी धरून शेजारच्या पट्टीपर्यंत सुमारे ८३ मिलिव्होल्ट. समजा सीक्वेन्सरच्या आउटपुटचा रोध १ किलोओहम आहे आणि व्हीसीओच्या इनपुटचा १०० किलोओहम. दोन्ही आकडे युरोरॅकमध्ये नेहमी भेटणारे. ३ व्होल्ट पाठवले तर व्हीसीओला मिळतात २.९७. आता पॅसिव्ह मल्ट लावून तेच व्होल्टेज तीन व्हीसीओंना दिलं. तिघांचा मिळून रोध होतो ३३ किलोओहम, आणि पोहोचतात २.९१ व्होल्ट. जवळपास ८७ मिलिव्होल्ट गळाले, म्हणजे एका पट्टीपेक्षा थोडं जास्तच. तीन सप्तकं वरचा सा मागितला आणि मिळाला नी!

यातली मेख अशी की ही चूक सगळीकडे सारखी नसते, वर जावं तशी वाढत जाते. खाली जुळवलं की वर बेसूर, वर जुळवलं की खाली. माणूस ट्यूनिंगचा नॉब फिरवत बसतो आणि शेवटी व्हीसीओलाच दोष देतो. उपाय एकच: सुराचं व्होल्टेज वाटायचं असेल तर बफर्ड मल्ट (व्होल्टेज न गळू देता वाटणारा), आणि तोही अचूक. एलएफओ (सावकाश हलणारं व्होल्टेज) किंवा गेट वाटायला साधा मल्ट खुशाल वापरा, तिथे थोडी गळती कुणाला कळतही नाही.

व्हीसीओच्या मागच्या ट्रिमरला (स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या नॉबला) हात लावण्याआधी हे सगळं झालेलं हवं. समोरचा नॉब सगळेच सूर एकसारखे वर-खाली करतो. स्केलचा ट्रिमर सप्तकाची लांबी बदलतो. हे दोन वेगळे आजार आहेत. १ व्होल्ट आणि ३ व्होल्ट देऊन दोन्ही सूर ट्यूनरवर बघा. दोन्ही सारखेच चढे असतील तर समोरचा नॉब पुरे. अंतर दोन सप्तकांपेक्षा कमी-जास्त भरत असेल तरच ट्रिमर. फिरवण्याआधी त्याच्या स्क्रूची दिशा मार्करने टिपून ठेवा. बहुतेक ट्रिमर अनेक फेऱ्यांचे असतात, म्हणून किती फेरे दिले तेही मोजा.

घरघर

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरघर ५० किंवा १०० हर्ट्झवर येते. कानाने ओळखायची तर पांढरी पाचच्या किंचित वर. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर गेली तर ग्राउंड लूप आहे: लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस आणि केस वेगवेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडलेत. सगळं एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिली तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स लावा. माऊस हलवला की चिरचिर वाढत असेल तर ती बहुधा यूएसबीतून येते, तिथे यूएसबी आयसोलेटर कामी येतो.

एक जुगाड मात्र करू नका. तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची किंवा दोन पिनी अडॅप्टर लावायचा, आणि घरघर गेली म्हणून खूश व्हायचं. घरघर जाते खरी, पण पुढे कधी आत बिघाड झाला तर केसच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतील आणि तो करंट आपल्या हातातून वाट काढेल. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवत असाल तर तेव्हाची घरघर मोजूच नका. स्वस्त इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते, तिच्यावर बरीच साधनं कुरकुरतात.

बाहेरच्या साधनांशी बोलणं

मॉड्यूलरमधला सिग्नल टोकापासून टोकापर्यंत १० व्होल्टच्या आसपास. घरच्या ऑडिओ साधनाची लाइन पातळी त्याच मोजणीत १ व्होल्टच्याही खाली. त्यामुळे इंटरफेसमध्ये आवाज फाटतो आणि लोक फिल्टरला दोष देतात. आउटपुट मॉड्यूल लावा, नाहीतर अटेन्युएटरने खाली आणा. मॉड्यूलच्या जॅकमध्ये हेडफोन थेट घालू नका. आवाज एकाच कानात येतो, आणि तो कधीकधी कान बधिर करण्याइतका मोठा असतो. तबला किंवा पेटी माइकने आत घ्यायची असेल तर गणित उलटं. माइकचे मिलिव्होल्ट तसेच आत सोडले तर एन्व्हलप फॉलोअर (आवाजाच्या चढ-उताराचं व्होल्टेज करणारं मॉड्यूल) ढिम्म हलत नाही, प्रीअँप लागतोच.

क्लॉकची, म्हणजे लय देणाऱ्या ठोक्यांची, गडबडही नेहमीची. कोर्ग व्होल्का एका मात्रेला दोन ठोके देते, मिडी क्लॉक आणि जुनं रोलँडचं डिन-सिंक २४. सीक्वेन्सर एका मात्रेला चार ठोक्यांची वाट बघत असेल तर व्होल्कावर तो निम्म्या लयीत चालेल आणि डिन-सिंकवर सहापट पळेल. बिघाड काही नाही, क्लॉक डिव्हायडर किंवा मल्टिप्लायर लावा. कोर्ग एमएस-२० हा सिंथ मात्र खरंच वेगळी भाषा बोलतो. तिथे दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट होतं, १, २, ४, ८ असं, आणि त्याचा ट्रिगरही उलटा. त्याच्यासाठी दोन्ही पद्धती जाणणारा एसक्यू-१ सारखा सीक्वेन्सर घ्या.

डीसी अडॅप्टरचा प्लग बसला म्हणजे तो चालतो असं नाही. व्होल्काला मधली पिन प्लस लागते, बॉसच्या पेडलला मधली पिन मायनस. दोन्हीवर ९ व्होल्टच लिहिलेलं असतं. माझ्याकडे आता प्रत्येक अडॅप्टरवर रंगीत चिकटपट्टी आहे.

पावसाळा आणि जुना माल

मुंबई-कोकणात जुलैनंतर नॉब करकरायला लागतात. आधी वीज बंद करून नॉब वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, निम्मी करकर तेवढ्यानेच जाते. राहिलीच तर इलेक्ट्रॉनिक्ससाठी असलेला कॉन्टॅक्ट क्लीनर. बिजागरी आणि सायकलीच्या चेनवर मारतात तो स्प्रे नको, तो मागे थर सोडतो. केस बंद करताना आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

जपानहून कुणी सिंथ आणला तर प्लग लावण्याआधी मागची पट्टी वाचा. तिथे १०० व्होल्ट लिहिलं असेल तर आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. जुन्या सिंथच्या आतली बॅटरीही बघा. १९८१ च्या कोर्ग पॉलिसिक्समधली निकेल-कॅडमियम बॅटरी गळून खालचा बोर्ड खाते, हे त्या यंत्राचं ठरलेलं दुखणं.

आणि हे सगळं तपासूनही आवाज आला नाही, तर पॅच केबल बदला. हसू नका, गेल्या महिन्यात मी दोन तास व्हीसीए उघडून बसलो होतो आणि दोष होता पिवळ्या केबलच्या टोकात. आता संशयित केबलला तिथल्या तिथे गाठ मारतो, नाहीतर ती परत ढिगात जाते आणि पुढच्या रविवारी पुन्हा हाताला लागते.