इंटर्नशिप पूर्ण, तरी क्रेडिट अडकलं? या चुका टाळा

शिमगा सरला की आमच्या विभागात ओजेटीच्या (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे इंटर्नशिपच्या) रोजच्या कामाच्या नोंदवह्या येऊ लागतात. जाहिरात आणि जनसंपर्क शिकणारी ही मुलं. कुणी रत्नागिरीतल्या छोट्या एजन्सीत बसलेलं असतं, कुणी मालवणात रिसॉर्टचं इन्स्टाग्राम सांभाळलेलं असतं, कुणी देवगडच्या बागायतदाराकडे आंब्याच्या जाहिराती केलेल्या असतात. बहुतेकांनी काम मनापासून केलेलं असतं. तरीही दरवर्षी काहींचं क्रेडिट, म्हणजे या कामाचे अभ्यासक्रमात धरले जाणारे श्रेयांक, कागदावर अडकतं आणि मला फार वाईट वाटतं, कारण त्यातली जवळजवळ प्रत्येक अडचण आधीच टाळता आली असती.

आधी हिशोब. इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे ४ क्रेडिटला १२० तास. रोज चार तास केले तर तीस दिवस. एसटीचा प्रवास यात धरत नाहीत. राजापूरहून रोज रत्नागिरीला येणाऱ्याला हे जड जातं हे मला कळतं, म्हणून अशा मुलांना मी आठवड्यातले तीन दिवस पूर्णवेळ मागून घ्यायला सांगते.

सगळ्यात महागात पडते ती परवानगीआधी काम सुरू करण्याची चूक. आंब्याचा हंगाम तोंडावर असतो, ओळखीचे बागायतदार म्हणतात, "सोमवारपासून ये." मागे एक मुलगी अशीच गेली. तीन आठवडे सुंदर काम केलं आणि मग कॉलेजचं परवानगीपत्र मागायला आली. ते तीन आठवडे धरता आले नाहीत, तास पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. तुमचंही असं झालं असेल तर आजच मार्गदर्शक शिक्षकांना सांगा, पत्र घ्या आणि त्या तारखेपासून तास मोजा. मागची तारीख घालून पत्र मागू नका. पत्रात तुमच्या कामावर देखरेख कोण करणार त्याचं नाव आणि पद हवंच, कारण शेवटी मूल्यमापनाच्या फॉर्मवर सही त्याच व्यक्तीची लागते.

आता वही. माझ्यासमोर आलेल्या एका वहीत बावीस दिवस एकच वाक्य होतं : "सोशल मीडियाचं काम केलं." शाई एकच, आणि सही फक्त शेवटच्या पानावर. एका रात्रीत बसून लिहिलेली वही लगेच ओळखू येते. दुसऱ्या एका वहीतली नोंद मी अजून वर्गात वाचून दाखवते : "१०.३० ते १.३०. पाच डझनी पेटीची जाहिरात. गिऱ्हाईक पुण्याचं. चार मथळे लिहिले, तीन बाद. 'अस्सल' सगळेच लिहितात, असं मालक म्हणाले. ठरला : आढीत पिकवलेला, कार्बाइड नाही." या पाच ओळींत वेळ आहे, काम आहे, कुणासाठी केलं ते आहे आणि का बदललं तेही आहे. त्याच संध्याकाळी लिहा आणि दर शनिवारी सही घ्या. हंगामात मालक बागेत असतात, महिनाअखेरीस हाती लागत नाहीत.

मथळ्यावरून आणखी एक गोष्ट. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्यामुळे कुठल्याही आंब्यावर हापूसचं नाव चिकटवता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं कारवाई होऊ शकते. तोंडी परीक्षेत "हा दावा कशावरून केलात?" असं विचारलं की मुलं गडबडतात. मालकाला तेव्हाच विचारा आणि त्याचं उत्तर वहीत लिहा.

जनसंपर्काच्या कामात पुरावा हरवतो तो वेगळ्याच ठिकाणी. मुलं छापून आलेलं कात्रण जपतात, पण आपण पाठवलेली मूळ प्रेसनोट ठेवत नाहीत. कात्रणावर उपसंपादकाचा हात फिरलेला असतो, त्यातलं तुमचं किती हे परीक्षकाला कसं कळणार? मूळ मजकूर, पाठवल्याची तारीख, कुठल्या दैनिकांना पाठवला त्यांची यादी आणि मग कात्रण, असं एकत्र लावा. पैसे देऊन छापलेली जाहिरात बातमी म्हणून दाखवू नका. आणि हो, ग्रुपवर मेसेज पुढे ढकलणं हे जनसंपर्काचं काम म्हणून मांडू नका.

जागा निवडताना नुसतं "अ‍ॅडव्हर्टायझिंग" अशी पाटी बघू नका. दिवसभर वाढदिवसाचे फ्लेक्स लावून द्यायचे असतील तर जाहिरातीचं शिक्षण होत नाही. पण त्याच दुकानात मजकूर लिहायला आणि गिऱ्हाईकाशी बोलायला मिळत असेल तर खुशाल जा. सख्ख्या काकांच्या दुकानातली इंटर्नशिप मान्य होईल का, हे आधी विचारा. पैसे भरून घरबसल्या प्रमाणपत्र मिळतं त्या वाटेला तर अजिबात जाऊ नका.

सुट्टीतली इंटर्नशिप जूनमध्ये ढकलणाऱ्यांनी पावसाळा लक्षात घ्यावा. जलक्रीडा बंद असतात, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांत सामसूम असते. दिवाळीच्या बुकिंगची तयारी तुमच्याकडून करून घेणार आहेत का, हे आधी विचारा. नाहीतर नुसतं बसून तास भरावे लागतील.

सगळं नीट केलं तरी क्रेडिट खात्यावर दिसत नाही, अशी तक्रार येते. शैक्षणिक क्रेडिट बँकेत, म्हणजे विद्यार्थ्यांची क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्यात, नोंद विद्यार्थ्याला स्वतः करता येत नाही, ती संस्थेकडून होते. डिजिलॉकरमध्ये (सरकारी कागदपत्रांचं अ‍ॅप) या बँकेचा आपला बारा अंकी आयडी बघा. आधारवरचं नाव आणि कॉलेजच्या नोंदीतलं नाव अक्षरशः जुळतंय का ते तपासा. वडिलांचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, एवढ्यानेही अडतं. नाव जुळत असूनही नोंद नसेल तर गुणपत्रिकेची प्रत आणि आयडी घेऊन परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या.