रॉकेटच्या टाकीवरचा फोम केशरी का होतो? अंदाज बांधताना या चुका टाळा

नासाच्या स्पेस शटल यानाची इंधनाची केशरी टाकी सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते. नासाच्याच नव्या, चंद्रमोहिमांसाठीच्या एसएलएस रॉकेटचा मधला भागही तसाच दिसतो. दोन्हींचा जन्म न्यू ऑर्लिन्सच्या मिशू कारखान्यातला. टाकीवरचं केशरी आवरण म्हणजे आतलं इंधन थंड ठेवणारा फोम. तिथे फवारला जातो तेव्हा हा फोम फिकट पिवळसर असतो. केशरी होतो तो नंतर, उन्हात.

रंग किंवा गंज समजणे

टाकी ॲल्युमिनियमची, त्यामुळे तांबूस गंजाचा प्रश्नच येत नाही. शटलच्या टाकीला रंग मात्र एकेकाळी खरंच देत असत. 1981 मधल्या पहिल्या दोन उड्डाणांच्या टाक्या पांढऱ्या होत्या. उन्हापासून फोमचं रक्षण व्हावं हा हेतू. पण तेवढ्या काळात उन्हाने फोमचं नुकसान होत नाही हे लक्षात आलं आणि मार्च 1982 च्या तिसऱ्या उड्डाणापासून रंग बंद झाला. सुमारे 270 किलो वजन वाचलं!

उष्णतेला दोष देणे

नुसत्या उकाड्याने असा रंग चढत नाही. काम करतात ते अतिनील किरण. पॉलियुरेथेन जातीच्या या फोममधले रासायनिक बंध ते तोडतात, हवेतला ऑक्सिजन तिथे जोडला जातो आणि निळा प्रकाश शोषणारे नवे रेणू तयार होतात. निळा गेला की डोळ्याला पिवळा-केशरी दिसतो. जितकं ऊन जास्त, तितकी छटा गडद. म्हणून टाकीचं मॉडेल बनवणाऱ्यांनी एकाच डबीतला केशरी सगळीकडे फासू नये. खरी टाकी इतकी एकसारखी कधीच नसते.

गडद म्हणजे खराब, असं मानणे

ही चूक सर्रास होते. बदल होतो तो वरच्या पातळ थरात. खरवडलं की आत जुनाच फिकट फोम. आणि आतल्या उणे 253 अंशांच्या द्रव हायड्रोजनला थंड ठेवण्याचं काम करते ती फोमची जाडी. बघायचं असेल तर खड्डे, भेगा, सुटलेल्या कडा बघाव्यात. 1995 मध्ये डिस्कव्हरी या शटलच्या टाकीला सुतारपक्ष्यांनी सुमारे 200 भोकं पाडली आणि यान प्रक्षेपण मंचावरून परत न्यावं लागलं. नंतर पक्ष्यांना घाबरवायला प्लास्टिकची घुबडं बसवली! फेब्रुवारी 2007 मध्ये ॲटलांटिस या शटलच्या टाकीला गारांनी झोडपलं. दुरुस्तीचा ताजा फोम फिकट असल्याने जूनमध्ये ते यान उडालं तेव्हा टाकीवर पांढरट ठिपकेच ठिपके दिसत होते. टाकी दिसायला विचित्र खरी, पण उड्डाण व्यवस्थित झालं.

कोलंबियाचं खापर रंगावर फोडणे

कोलंबिया शटलच्या ज्या अपघातात कल्पना चावला यांचा मृत्यू झाला, त्या उड्डाणात टाकीवरच्या फोमचाच तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. म्हणून ‘पांढरा रंग असता तर’ अशी हळहळ अजून ऐकू येते. ती चुकीच्या जागी आहे. तो तुकडा टाकी यानाला जोडणाऱ्या पुढच्या आधारापाशी, हाताने फवारलेल्या भागातून सुटला. अशा भागात थरांमध्ये पोकळ्या राहत. शिवाय 1981 मध्ये रंगवलेल्या टाकीवरूनही फोम सुटला होताच.

तोच न्याय आपल्या गच्चीला लावणे

शटलची टाकी एकदाच वापरायची, साडेआठ मिनिटांत तिचं काम संपलं. गच्चीवरचा किंवा खिडकीच्या फटीतला पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन) फोम वर्षानुवर्षं टिकायला हवा. इथे ‘नासाने नाही रंगवला, मग आपण कशाला’ हे चालणार नाही. उघडा ठेवला तर आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी वरून भुरभुरतो. फोम लावला की लगेच अतिनील किरण अडवणारं कोटिंग करून घ्या. उशीर झालाच असेल तर बोट फिरवून बघा. भुकटी हाताला लागत असेल तर ती आधी घासून काढायला सांगा. कारागीर घाईत असला की थेट भुकटीवरच ब्रश मारतो, आणि मग पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे निघतात.